विटा झेलणारा मुलगा

श्रोतेहो, माझी उभी हयात प्राथमिक शाळेंत मुलें शिकविण्यांत गेली. खेळांपैकीं खोखो, हुतुतू आणि लंगडी एवढ्यांचेच नियम मला ठाऊक. त्यांपलीकडे माझें ज्ञान जात नसे. असा मनुष्य आज आपणांपुढें अमेरिकन फुटबॉलविषयीं बोलावयास बसला आहे, याचें आपणांस नवल वाटेल. मलाहि तें वाटतें. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं कॅलिफोर्नियांत माझ्या मुलीकडे तीन महिने राहण्याचा योग आला, आणि तेथें माझ्या नऊ वर्षांच्या नातवानें मला एक प्रश्न विचारला. त्याचें उत्तर शोधतां शोधतां हा विषय माझ्या हातीं लागला. आणि उत्तर सांपडलें तेव्हां तें खेळापेक्षां माझ्या स्वतःच्या व्यवसायाविषयींच अधिक आहे, असें माझ्या ध्यानांत आलें.

नातवाजवळ एक कोष्टक होतें. त्यांत सर्वांत वर जेरी राइस या खेळाडूचें नांव, आणि नांवापुढें आंकडा २२,८९५. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूचा आंकडा १७,४९२. मुलगा म्हणाला, "आजोबा, ह्याच्याहून जोरानें पळणारे पुष्कळ होते. मग हाच पहिला कसा? आणि पहिला तो पहिला, पण दुसरा इतका मागें कसा?" प्रश्न मार्मिक होता. शिक्षकाला उत्तर येत नसलें म्हणजे तो "उद्यां सांगेन" म्हणतो. मींहि तसेंच म्हटलें.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊं. अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. त्यांत पायाचें काम थोडें आणि हाताचें फार. चेंडू वाटोळा नसतो. दोन्ही टोकांना निमुळता, नारळासारखा असतो. मैदान शंभर यार्ड लांबीचें. यार्ड म्हणजे आपले दोन हात. दोन्ही अंगांना आणखी दहा दहा यार्डांची एक पट्टी असते. प्रतिपक्षाच्या पट्टींत चेंडू हातीं घेऊन पोंचलें, किंवा तेथें तो झेलला, कीं सहा गुण मिळतात. ह्याला टचडाउन म्हणतात. प्रत्येक बाजूला अकरा गडी. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्याला चार डाव मिळतात, आणि त्या चार डावांत निदान दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. सरकला तर पुन्हां नवे चार डाव. नाहीं तर चेंडू दुसऱ्या पक्षाकडे. हुतुतूंत दम संपण्याच्या आंत परत यावयाचें असतें. येथें चार डाव संपण्याच्या आंत पुढें जावयाचें असतें.

पुढें जाण्याचे मार्ग दोन. एक, चेंडू कांखेंत धरून माणसांच्या गर्दींत घुसणें. दुसरा, चेंडू हवेंतून पुढें फेकणें. हा दुसरा मार्ग आरंभीं नव्हता. पुढें फेकण्याची मुभा १९०६ मध्यें मिळाली. फेकण्याचें काम क्वार्टरबॅक नांवाच्या गड्याकडे असतें, आणि त्याची फेक झेलण्यासाठीं मैदानाच्या कडेला एक गडी उभा असतो. त्याला इंग्रजींत वाइड रिसीव्हर म्हणतात. आजच्यापुरतें आपण त्याला झेलगडी म्हणूं.

झेलगड्याचें काम ऐकावयास सोपें आहे : पळावें, वळावें, झेलावें. क्रिकेटमध्यें झेल घेणारा चेंडूकडे पाहत उभा असतो आणि त्याला कोणी ढकलीत नाहीं. येथें तसें नाहीं. झेलगड्यासमोर त्याला अडविण्यासाठींच नेमलेला एक पहारेकरी असतो. पहिल्या पांच यार्डांत तो ह्याला हातांनीं रेटूं शकतो. तेथून निसटून झेलगडी नेमून दिलेल्या वाटेनें धांवतो. ही वाट पावलांनीं मोजलेली असते : अमुक पावलें सरळ, मग आंत वळण, किंवा बाहेर, किंवा एकदम थांबून मागें. ह्या वाटा पाठ कराव्या लागतात, जसे आपण पाढे पाठ करतों. आणि येथेंच खरी गोम आहे. चांगला क्वार्टरबॅक झेलगडी वळण्याच्या अगोदरच चेंडू सोडतो. ज्या जागीं कोणीच नाहीं त्या जागीं तो फेकतो, अमुक क्षणीं आपला माणूस तेथें असेल ह्या विश्वासानें. झेलगडी अर्धें पाऊल चुकला तर चेंडू शत्रूच्या हातांत. तेव्हां त्याचें अर्धें कौशल्य हातांत असेल, परंतु उरलेलें अर्धें वक्तशीरपणांत असतें. झेल घेतल्याच्या क्षणाला शंभर शंभर किलोंचे गडी अंगावर कोसळतात, तें निराळेंच.

आतां जेरी राइसकडे वळूं. त्याचा जन्म १३ ऑक्टोबर १९६२ रोजीं, अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यांत, स्टार्कव्हिल गांवीं झाला. क्रॉफर्ड नांवाच्या लहानशा खेड्याजवळ तो वाढला. आठ भावंडांत हा सहावा. वडील गवंडी होते. विटांच्या भिंती बांधून एवढा संसार चालवीत. कृष्णवर्णीय कुटुंब, आणि मिसिसिपी म्हणजे वर्णभेदानें पोळलेला प्रांत, त्यांतून गरिबी. उन्हाळ्याच्या सुटींत मुलगे बापाच्या हाताखालीं कामाला जात. जेरी पराच्यावर उभा राही आणि खालून भाऊ त्याच्याकडे विटा फेकी. एकेक नव्हे, एकावर एक रचलेल्या चार विटा एकदम. त्या हवेंत सुटत, आणि ह्यानें त्या पकडावयाच्या. पुढें जगानें ज्या हातांची तारीफ केली ते हात अशा रीतीनें तयार झाले, हें त्यानें स्वतःच अनेकदां सांगितलें आहे. तिकडच्या कडक उन्हांत दिवसभर विटा वाहण्याचें काम करणाऱ्याला श्रमाची भीति उरत नाहीं, हाहि त्यांतला एक लाभ. शेजारच्या कुरणांत घोडे मोकळे चरत. त्यांच्यामागें पळून, त्यांना धरून, वर बसावयाचें, हा ह्या भावांचा खेळ. घोड्याचा पाठलाग ज्यानें केला त्याला पुढें माणसांचें भय कसलें?

येथवर फुटबॉलचा संबंध कोठेंच नाहीं. तो आला शाळेंतून, आणि तोहि उलट्या वाटेनें. एके दिवशीं जेरी वर्ग चुकवून शाळेच्या आवारांत रेंगाळत होता. उपमुख्याध्यापकांनीं मागून येऊन हटकलें. मुलगा दचकला आणि असा पळाला कीं, गुरुजी पाहतच राहिले. दुसऱ्या दिवशीं तो पकडला गेला. शिक्षा झालीच, ती चुकली नाहीं. परंतु शिक्षा संपल्यावर त्या गृहस्थांनीं आणखी एक गोष्ट केली. फुटबॉल शिकविणाऱ्या शिक्षकाला जाऊन सांगितलें कीं, हा मुलगा पळतो कसा, तें एकदां पाहा.

श्रोतेहो, ही हकीकत मीं कळली त्या रात्रीं फार वेळ जागा होतों. त्याचें कारण पुढें सांगेन.

शाळेंत चांगला खेळूनहि मोठ्या विद्यापीठांनीं जेरीला बोलाविलें नाहीं. खेड्यांतली शाळा, तिचे सामने पाहावयास कोण येणार? बोलावणें आलें तें मिसिसिपी व्हॅली स्टेट ह्या संस्थेकडून. इट्टा बेना नांवाच्या गांवीं १९५० मध्यें कृष्णवर्णीय मुलांसाठीं उघडलेलें हें विद्यालय. तेथील शिक्षक आर्ची कूली हे साहसी गृहस्थ होते. त्यांनीं असा खेळ बसविला कीं, चेंडू सतत हवेंतच राहावा. दोन डावांमध्यें उसंतहि घ्यावयाची नाहीं. विली टॉटन फेकणारा, राइस झेलणारा. १९८४ च्या हंगामांत ह्या संघानें दर सामन्यास सरासरी साठांच्या घरांत गुण मिळविले. राइसनें त्या एका हंगामांत १०३ झेल घेतले आणि २७ टचडाउन केले.

तरीहि जाणत्या लोकांच्या मनांत शंका होती. धंदेवाईक संघांचे निरीक्षक चाळीस यार्डांची धांव लावून घड्याळ पाहतात. त्या परीक्षेंत राइस फारसा वर आला नाहीं. शिवाय, लहान विद्यालयाच्या लहान प्रतिस्पर्ध्यांपुढें केलेल्या पराक्रमाची किंमत ती किती, असें पुष्कळांना वाटलें. एका माणसाला मात्र तसें वाटलें नाहीं. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फॉर्टीनाइनर्स' संघाचे गुरु बिल वॉल्श १९८४ च्या ऑक्टोबरांत एका सामन्यासाठीं ह्यूस्टनला उतरले होते. रात्रीं हॉटेलच्या खोलींत त्यांनीं दूरचित्रवाणी लावली, आणि त्या दिवशीं झालेल्या सामन्यांतील राइसचीं दृश्यें त्यांच्या दृष्टीस पडलीं. घड्याळाला जें दिसलें नव्हतें तें त्यांना दिसलें.

अमेरिकेंत नवे खेळाडू निवडण्याची पद्धति चमत्कारिक आहे. मागील वर्षीं जो संघ सर्वांत खालीं त्याला पहिली निवड. जो विजेता त्याला शेवटची. वॉल्श ह्यांचा संघ विजेता होता. तेव्हां त्यांनीं न्यू इंग्लंडच्या संघाला आपल्या पहिल्या तीन फेऱ्यांच्या निवडी देऊन, मोबदल्यांत वरची जागा घेतली, आणि १९८५ मध्यें राइसला सोळाव्या क्रमांकावर निवडलें. त्याच्या अगोदर दोन झेलगडी निवडले गेले होते, अल टून आणि एडी ब्राउन. त्यांपैकीं ब्राउन सिनसिनाटीच्या संघांत गेला. हें नांव स्मरणांत असूं द्यावें.

पहिल्या वर्षीं काय झालें? फजिती झाली. ज्याचे हात विटा झेलून तयार झालेले, त्याच्या हातांतून चेंडू निसटूं लागले. एक दोन नव्हे, दहापंधरा वेळां. घरच्याच प्रेक्षकांनीं हुर्यो केली. पुढें त्यानें कारण सांगितलें तें असें कीं, नव्या संघाच्या वाटा इतक्या गुंतागुंतीच्या होत्या कीं, पावलें आठवतां आठवतां चेंडूकडे लक्ष राहीना. आमच्या वर्गांत असें मूल दर वर्षीं एखादें असतें. गणित त्याला येत असतें, परंतु रीत आठवण्याच्या नादांत बेरीज चुकते. त्याला मठ्ठ म्हणणें हा शिक्षकाचा मठ्ठपणा. वॉल्श ह्यांनीं त्याला काढलें नाहीं, खेळवीत राहिले. त्याच वर्षीं डिसेंबरांत लॉस एंजल्सच्या संघाविरुद्ध त्यानें दहा झेलांत २४१ यार्ड मिळविले. सामना हातचा गेला, परंतु रीत पाठ झाली होती.

तरी ठेच लागावयाची ती लागलीच. जानेवारी १९८७ मध्यें न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध बाद फेरीचा सामना होता. राइसनें चेंडू झेलला. समोर मैदान मोकळें. पट्टीपर्यंत कोणी नाहीं. आणि कोणी स्पर्शहि न करतां चेंडू त्याच्या हातांतून गळून पडला. तो सामना त्याचा संघ ४९ विरुद्ध ३ असा हरला. दुसरा एखादा ह्या आठवणीनें खचता. ह्यानें पुढल्या हंगामांत, खेळाडूंच्या संपामुळें बाराच सामने खेळावयास मिळाले असतां, २२ टचडाउन झेलले. तो विक्रम वीस वर्षें टिकला. २००७ मध्यें रँडी मॉसनें २३ केले, पण त्याला त्यासाठीं सोळा सामने लागले.

आतां तो प्रसिद्ध सामना. ह्या खेळाच्या वार्षिक अंतिम सामन्याला सुपर बोल म्हणतात. २२ जानेवारी १९८९ रोजीं मायामी येथें सॅन फ्रान्सिस्को आणि सिनसिनाटी समोरासमोर आले; सिनसिनाटीकडे तोच एडी ब्राउन. सामन्याचीं तीन मिनिटें दहा सेकंद उरलीं होतीं. सॅन फ्रान्सिस्को १३, सिनसिनाटी १६. चेंडू सॅन फ्रान्सिस्कोकडे होता, पण स्वतःच्याच पट्टीपासून आठ यार्डांवर; म्हणजे ब्याण्णव यार्ड जावयाचें होतें. क्वार्टरबॅक जो मोंटाना शांतपणें एकेक फेक करूं लागला. मध्येंच एका दंडामुळें संघ मागें ढकलला गेला आणि वीस यार्डांची गरज पडली. तेव्हां राइसनें तीन पहारेकऱ्यांच्या मधून चेंडू झेलून सत्तावीस यार्ड काढले. शेवटीं दहा यार्ड उरले. सिनसिनाटीच्या सर्वांचे डोळे राइसवर. त्या डावांत राइस नुसता धांवला. पहारेकऱ्यांचें लक्ष त्यानें आपल्याकडे ओढून घेतलें, आणि चेंडू गेला जॉन टेलरच्या हातांत. टचडाउन! चौतीस सेकंद शिल्लक होते. निकाल २० विरुद्ध १६. राइसनें त्या दिवशीं अकरा झेलांत २१५ यार्ड मिळविले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. परंतु मला त्या सामन्यांतलें त्याचें सर्वांत सुंदर काम वाटतें तें शेवटचें : चेंडू मिळणार नाहीं हें ठाऊक असतां, मिळणारच आहे अशा जिवाच्या आकांतानें धांवणें.

पुढल्या वर्षीं, १९९० च्या जानेवारींत, त्याच्या संघानें डेन्व्हरचा ५५ विरुद्ध १० असा पाडाव केला. राइसचे तीन टचडाउन. १९९५ च्या जानेवारींत सॅन डिएगोवर ४९ विरुद्ध २६ असा विजय. पुन्हां राइसचे तीन, आणि तेहि खांदा दुखावलेला असतांना. ह्या वेळीं फेकणारा मोंटाना नव्हता. त्याच्या जागीं स्टीव्ह यंग हा डावखुरा आला होता. डावऱ्या हातानें फेकलेला चेंडू हवेंत उलट्या बाजूनें फिरतो. झेलणाऱ्याला सगळी संवय नव्यानें लावून घ्यावी लागते. राइसनें ती लावून घेतली.

विक्रमांची परंपरा एका वाक्यांत सांगतों. ग्रीन बेच्या संघाचा डॉन हटसन १९३५ ते १९४५ ह्या काळांत खेळला आणि ९९ टचडाउन झेलून थांबला. झेलगड्याची कला त्यानेंच घडविली असें जाणते म्हणतात. त्याचा उच्चांक ओलांडावयास चव्वेचाळीस वर्षें लागलीं. स्टीव्ह लार्जंटनें १९८९ मध्यें १०० केले. राइस थांबला तेव्हां त्याचे १९७ झाले होते. लार्जंटच्या जवळजवळ दुप्पट.

पण नातवाच्या प्रश्नाचें उत्तर ह्यांत नाहीं. तें मला मैदानावर सांपडलें नाहीं; एका टेकडीवर सांपडलें. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस एजवुड नांवाचें एक रान राखलेलें आहे. त्यांतून वर चढणारी सुमारें अडीच मैलांची पाऊलवाट आहे. राइसचा संघबंधु रॉजर क्रेग तेथें पळावयास जाई. त्यानें राइसला नेलें. तेव्हांपासून वर्षानुवर्षें, हंगाम संपून दुसरे खेळाडू विश्रांति घेत असतांना, हा मनुष्य सकाळीं ती टेकडी धांवत चढे. दुपारीं वजनें उचलण्याची मेहनत. अनेक तरुण खेळाडू त्याच्याबरोबर व्यायाम करावयास येत. त्यांतले कित्येक त्या वाटेवर ओकत आणि पुन्हां येत नसत. सरावाच्या मैदानावरहि त्याची एक रीत होती. साधा झेल घेतला तरी तो थांबत नसे. पट्टीपर्यंत पूर्ण वेगानें धांवत जाई. इतर पांचदहा पावलें जाऊन चेंडू परत देत. हा प्रत्येक वेळीं खऱ्या सामन्यासारखा शेवटपर्यंत जाई.

मुलीनें एके सकाळीं मला त्या टेकडीच्या पायथ्याशीं नेलें. मी हळूहळू चालत वर निघालों. पाऊण मैलावर दगडावर बसलों आणि मागें परतलों. परंतु बसल्या बसल्या नातवाला उत्तर दिलें. "बाळ, तें घड्याळ चाळीस यार्ड मोजतें. पहिल्या चाळीस यार्डांत ह्याच्यापुढें पुष्कळ होते. पण सामन्याच्या शेवटच्या पावकांत, सगळ्यांचे पाय जड झाल्यावर, हा सकाळच्याच वेगानें धांवत असे. आणि दहाव्या, पंधराव्या वर्षींहि तसाच. तेथें मोजणारें घड्याळ त्या परीक्षेंत नव्हतें." मुलाला तें पटलें.

वेग जन्मतः मिळतो, दम मिळवावा लागतो, ह्याचें प्रत्यंतर १९९७ मध्यें आलें. त्याअगोदरच्या बारा हंगामांत दुखापतीपायीं राइसचा एकहि सामना चुकला नव्हता. ३१ ऑगस्ट १९९७ रोजीं टॅम्पा येथें, हंगामाच्या पहिल्याच सामन्यांत, त्याच्या डाव्या गुडघ्यांतील बंध तुटले. वय पस्तिशीला आलेलें. वर्ष गेलें, कदाचित् खेळच संपला, असें सर्वांनीं धरलें. हा साडेतीन महिन्यांत, १५ डिसेंबरला, परत मैदानावर. त्या रात्रीं त्यानें एक टचडाउन झेललाहि. पण पडतांना त्याच गुडघ्याची वाटी तडकली, आणि हंगाम खरोखरच संपला. येथें मी त्याचें कौतुक करणार नाहीं. घाई ती घाईच. श्रमाला न भिणारा मनुष्य विश्रांतीला भितो; आणि शरीर हें विद्यार्थ्यासारखें आहे, त्याला धडा पचावयास वेळ द्यावा लागतो. सुदैवानें तो पुढल्या वर्षीं बरा होऊन परतला.

२००१ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोनें त्याला मोकळें केलें. खाडीपलीकडच्या ओकलंडच्या संघानें त्याला घेतलें. २००२ च्या हंगामांत त्याला चाळिसावें वर्ष पुरें झालें. त्या हंगामांत त्यानें ९२ झेल घेऊन १,२११ यार्ड मिळविले. झेलगड्यांत तिशीनंतर उतार लागतो, असा ह्या खेळांतला अनुभव आहे. जानेवारी २००३ मध्यें तो चौथ्यांदां अंतिम सामना खेळला. ओकलंड हरलें, तरी त्यानें एक टचडाउन झेलला; चार निरनिराळ्या सुपर बोलांत टचडाउन झेलणारा तो पहिला. २००४ मध्यें सिएटलकडे गेला. २००५ मध्यें डेन्व्हरच्या संघाबरोबर सराव करीत असतां, आपणांस पहिल्या फळींत स्थान मिळणार नाहीं हें कळल्यावर त्यानें निवृत्ति जाहीर केली. वीस हंगाम, १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड. मैल केले तर तेरा मैल होतात. तेरा मैल म्हणजे आपणांस एका सकाळची रपेट वाटेल. परंतु त्यांतला प्रत्येक यार्ड अंगावर माणसें कोसळत असतांना काढलेला आहे. दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झजेराल्ड हा स्वतः थोर खेळाडू. तो सतरा हंगाम खेळला, आणि तरी पांच हजारांहून अधिक यार्डांनीं मागें राहिला.

२०१० च्या ऑगस्टांत ओहायो राज्यांतील कँटन येथें ह्या खेळाच्या कीर्तिमंदिरांत राइसचा समावेश झाला. त्या प्रसंगीं त्यानें भाषण केलें. त्यांत त्यानें दोन गोष्टी कबूल केल्या. एक अशी कीं, आपल्याला आयुष्यभर पुढें ढकललें तें अपयशाच्या भीतीनें. आणि दुसरी अशी कीं, आपल्याला एकच खंत आहे : ह्या सगळ्याचा आनंद घ्यावयास आपण कधीं थांबलोंच नाहीं. टाळ्या पडल्या असतील. मला मात्र तें वाक्य लागलें. भीतीनें मनुष्य पुष्कळ पुढें जातो, ह्यांत संशय नाहीं. पण भीति त्याला कोठें बसूं देत नाहीं. मुलांना परिश्रमाचें महत्त्व सांगतांना हा दुसरा भाग आपण गाळतों. तो गाळूं नये.

आतां त्या जागरणाचें कारण. माझ्या नोकरीच्या आरंभीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. शाळा बुडवीत असे. एकदां मीं त्याला भर दुपारीं कुंपणाच्या भिंतीवर गांठलें. मला पाहतांच त्यानें पुरुषभर उंचीची ती भिंत एका हाताच्या आधारानें ओलांडली आणि पलीकडे नाहींसा झाला. दुसऱ्या दिवशीं मीं त्याला छड्या दिल्या. हजेरीपटावर त्याच्या गैरहजेरीचे दिवस मोजून, तितक्या. तो रडला नाहीं. आठवड्याभरानें त्यानें शाळाच सोडली. मीं पटावर नांवापुढें रेघ मारली.

अनेक वर्षांनीं एका रस्त्यावर मालाचा टेंपो माझ्याजवळ थांबला. तोच मुलगा, आतां संसारी पुरुष. खालीं उतरून त्यानें पायांना हात लावला, "गुरुजी, ओळखलंत का?" म्हणाला, आणि मला घरापर्यंत सोडलें. त्याच्या मनांत कांहींहि नव्हतें. तो सुखांत आहे, आणि माझ्यामुळें तो राइस व्हावयाचा राहिला असें म्हणण्याइतका मी भाबडा नाहीं. शाळा बुडविणारीं मुलें हजारों, आणि राइस एकच. परंतु मिसिसिपींतल्या त्या उपमुख्याध्यापकांनाहि आपल्यापुढून पळणारा मुलगा पुढें कोण होईल हें ठाऊक नव्हतें. त्यांनींहि शिक्षा केली, मींहि केली. फरक एवढाच कीं, त्यांनीं तो किती दिवस चुकला हें पाहिलें आणि तो कसा पळाला हेंहि पाहिलें. मीं दिवस मोजले. भिंत पाहिली नाहीं.

आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं मुलें आहेत, आणि कांहींजण शिक्षकहि असतील. मुलगा चुकला तर त्याला जरूर बोलावें. पण चुकतांना त्यानें काय करून दाखविलें, तेंहि एकदां पाहून ठेवावें, आणि ज्याला त्यांतलें कळतें अशा माणसाच्या कानावर घालावें. त्याला खर्च येत नाहीं. वेळहि दोन मिनिटांपलीकडे लागत नाहीं.

माझी वेळ संपली.